जगाचे अर्ज

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या प्रत्येक मराठी वाड्यात समाजसेवा करणारा एक तरी माणूस असायचाच, आणि घरची माणसं त्याच्यावर कायम चिडलेली असायची. आमच्या वाड्यात सेवेचं खातं नानांकडे होतं आणि चिडण्याचं काकूकडे. नाना म्हणजे माझे थोरले काका. नव्वदी गाठून गेले. गेल्यावर दोन-तीन ठिकाणी त्यांच्यावर छापून आलं. 'त्यागमूर्ती', 'ऋषितुल्य', 'चंदनासारखे झिजले' वगैरे. काकूनं चष्मा लावून सगळं शेवटपर्यंत वाचलं आणि कागदाची घडी घालत म्हणाली, "झिजले ते ठीक आहे. सहाण कोण होती ते नाही लिहिलं कुणी."

तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी आपण लिहायचं, आणि सहाणेसकट लिहायचं.

ग्वाल्हेर म्हटलं की बाहेरच्या मराठी माणसाला किल्ला आठवतो, तानसेन आठवतो, फार तर शिंद्यांचा महाल. आम्ही राहतो ते लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, तो उठलाच नाही आणि तळाचंच शहर झालं. फौजेमागून कारकून आले, भटजी आले, गवई, आचारी, कीर्तनकार आले. आमचे पूर्वज कारकुनांतले. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचे कागद लिहिणं हाच घराचा धंदा, त्यामुळे नानांनी आयुष्यभर जे केलं ते रक्तातच होतं असं म्हणता येईल. फरक इतकाच, की पूर्वज त्याचे पैसे घेत.

१९४८ साली संस्थान विलीन होऊन मध्य भारत झालं तेव्हा नाना नुकतेच मॅट्रिक झाले होते. मास्तरकीचं ट्रेनिंग झालं, नोकरी लागली, आणि नेमणूक मिळाली छोट्या रेल्वेच्या लाइनीवर. सबलगढ, कैलारस, मग जौरा. जौऱ्यात ते जे रुतले ते १९८९ मध्ये रिटायर होईपर्यंत. मधे लष्करमध्ये बदली मिळण्याची संधी दोनदा आली होती, असं काकू सांगते. नाना एकदाच म्हणायचे. मला वाटतं काकूचं खरं असावं, कारण तारखांच्या बाबतीत तिची स्मरणशक्ती भीतिदायक आहे.

ती छोटी गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना कशी सांगू? दोन फूट रुंदीचे रूळ, त्यावर खेळण्यातल्यासारखे डबे, आणि डब्यात जितकी माणसं तितकीच टपावर. माधवराव शिंदे महाराजांच्या काळात सुरू झालेली ही लाइन १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोचली, जवळजवळ दोनशे किलोमीटर. ग्वाल्हेर स्टेशनच्या एका कडेला तिचा फलाट होता. बानमोर, सुमावली, जौरा, कैलारस करत ती चंबळच्या मुलखाच्या काठाकाठानं जायची. दोन्ही बाजूंनी सरसोंची, म्हणजे मोहरीची, शेतं. नाना शनिवारी संध्याकाळी तिनं घरी यायचे आणि सोमवारी पहाटे तिनंच परत. म्हणजे आठवड्यातला दीड दिवस काकूचा. त्या दीड दिवसातही वाड्याच्या दारात कुणी ना कुणी कागद घेऊन उभं असायचं.

मास्तर म्हणून नाना कसे होते? खरं सांगायचं तर बेताचे. गणित आणि हिंदी शिकवत. त्यांचे विद्यार्थी त्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीची नक्कल करत आणि ती नाना गेल्यावरही प्रेमानं करून दाखवत. गोष्टीवेल्हाळ नव्हते, फळ्यावर चित्रं काढत नव्हते, मुलांना जीव लावणं वगैरे जे आपण मास्तरांबद्दल वाचतो त्यातलं फारसं काही नव्हतं. मात्र शाळेची घंटा झाली आणि नाना वर्गात नाहीत असं कधी झालं नाही. ज्या शाळेत पावसाळ्यात निम्मे मास्तर गैरहजर असत तिथे ही गोष्ट लहान नव्हती. पोरगी चार दिवस आली नाही तर पाचव्या दिवशी नाना तिच्या दारात. भाषण नाही. हजेरीचं रजिस्टर उघडून बापासमोर धरायचं, अनुपस्थितीच्या खुणा बोटानं दाखवायच्या आणि गप्प उभं राहायचं. मोरेना-भिंड भागात मुलींची संख्या मुलांच्या मानानं इतकी कमी, की शाळेत नाव घातलेली मुलगीच मुळात दुर्मीळ. त्या गप्प उभं राहण्याला कंटाळून कित्येक बापांनी पोरींना परत शाळेत धाडलं.

नानांबद्दल मला एक गमतीची गोष्ट लक्षात आली आहे. त्यांच्या आसपास इतिहास घडत होता आणि ते दरवेळी त्याच्याकडे पाठ करून दुसरंच काहीतरी करत होते. १९६१ मध्ये ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलन भरलं. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. लष्करमधली मराठी माणसं ती आठवण अजून काढतात. नाना त्यात स्वयंसेवक होते. त्यांच्याकडे काम होतं पाहुण्यांच्या वळकट्या आणि ट्रंका सांभाळण्याचं. भाषण ऐकलं का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नागपूरच्या एका गृहस्थांची ट्रंक चुकून दुसऱ्या बिऱ्हाडी गेली होती. ती शोधत होतो."

मग १९७२. ज्या एका दिवसासाठी जौऱ्याचं नाव देशभर झालं तो १४ एप्रिलचा दिवस. चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतले बागी, म्हणजे दरोडेखोर, जयप्रकाश नारायणांच्या साक्षीनं गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवत होते. त्याआधी १९६० मध्ये विनोबांपुढे वीस जणांनी शस्त्रं टाकली होती, पण हे त्याहून कितीतरी मोठं होतं. माधोसिंह, मोहरसिंह ही नावं आम्हा मुलांना रात्री झोपवायला वापरली जात. मोहरसिंहावर दोन लाखांचं इनाम, आणि ते त्या काळचे दोन लाख. जौऱ्यात तेव्हा सुब्बारावांचा गांधी सेवा आश्रम सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. सुब्बाराव म्हणजे बंगळूरचे गांधीवादी कार्यकर्ते, खाकी हाफ पॅन्टमध्ये बारा महिने वावरणारे, सगळे त्यांना भाईजी म्हणत. त्या दिवशी माणसांचा समुद्र लोटला होता, म्हणतात. लोक टेकड्यांवर, झाडांवर, बैलगाड्यांवर. नाना त्या गर्दीत होते. पाण्याच्या व्यवस्थेवर. एप्रिलचं ऊन, गरम वाऱ्याची लू सुरू झालेली, माठ रिकामे होत होते आणि नाना शाळेतल्या मोठ्या पोरांची रांग लावून विहिरीतून पाणी ओढत होते. बंदुका ठेवताना त्यांनी एकाही बागीला पाहिलं नाही.

पण त्यांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं, टाळ्या थांबल्यावर.

शरण आलेले बागी तुरुंगात गेले. कुणाला फाशी होणार नाही, मागे राहिलेल्यांच्या पोटापाण्याचं बघितलं जाईल, असा शब्द दिलेला होता, पण खटले चालायचे होते, शिक्षा भोगायच्या होत्या. पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुलं कारागृह झालं. घरी बायका, म्हाताऱ्या आया, लहान मुलं. बहुतेकांना अक्षराची ओळख नाही. तुरुंगातून पोस्टकार्ड यायचं ते वाचून दाखवायला माणूस हवा, आणि उत्तर लिहायलाही. मास्साबच्या, म्हणजे मास्तरसाहेब नानांच्या, ओसरीवर हे काम आपोआप येऊन पडलं.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी मला नानांकडे पाठवलं होतं, बहुधा घरात एक तोंड कमी व्हावं म्हणून. त्या ओसरीवरची एक बाई मला जशीच्या तशी आठवते. घुंघट हनुवटीपर्यंत, दंडावर गोंदलेलं, पायात चांदीचे जाड कडे. नानांनी पोस्टकार्ड मांडीवरच्या पाटीवर ठेवलं, वर 'श्री' काढला, गावाचं नाव आणि तारीख घातली आणि म्हणाले, "बोलो." बाई बोलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नाना दुसरं काही न करता टाक धरून बसलेले. मला वाटत होतं, विचारावं ना काहीतरी, सुचवावं, 'लिहू का की सगळे खुशाल आहेत?' नाना एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी घुंघटाआडून आवाज आला, "लिख दो, भैंस ब्या गई." नानांनी लिहिलं. परत शांतता. "पड़िया हुई है." म्हणजे मादी वासरू. नानांनी तेही लिहिलं. मग एकदम बांध फुटल्यासारखी ती बोलत सुटली. पाडीच्या कपाळावर पांढरा टिक्का आहे, चुलत्यानं शेताचा बांध सरकवला, सासूला दिसत नाही, मोठ्याच्या पायाला काटा लागून पिकला होता, आता बरा आहे. नाना इतक्या बारीक अक्षरात लिहीत गेले की कार्डाच्या कडाही भरल्या. नवरा कसा आहे, कधी येणार, आठवण येते, यातलं एक वाक्य त्यात नव्हतं. शेवटी नानांनी सगळं वाचून दाखवलं, तिनं मान डोलावली आणि दहा पैशांचं नाणं पाटीवर ठेवलं. कार्डाची किंमत. नानांनी ते घेतलं. ते फुकट लिहीत, पण कार्डाचे पैसे नेहमी घेत. म्हणायचे, "फुकटचं पत्र माणूस मोकळेपणानं सांगत नाही." यात तथ्य किती आणि मास्तराचा पगार किती, देव जाणे.

मुंगावलीचा शिक्का असलेलं कार्ड आलं की नानांना चेव यायचा. वाचून झाल्यावर ते त्या बायकांना सांगत, "हमारे बहुत बड़े कवि वहाँ जन्मे थे." भास्कर रामचंद्र तांबे मुंगावलीत जन्मले हे खरंच आहे. ज्यांचा नवरा तिथे शिक्षा भोगतो आहे त्या बाईला ही माहिती काय कामाची, हा प्रश्न नानांना कधी पडला नाही. बायका आदरानं "अच्छा मास्साब" म्हणत आणि कार्ड पदराला बांधून निघून जात.

आता जे सांगते ते त्या छापून आलेल्या लेखांपैकी एकातही नाही, आणि माझ्या मते नानांचं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं. बागींच्या बायका ओसरीवर येत तशाच बागींनी ज्यांची माणसं मारली त्या घरच्या बायकाही येत. त्यांनाही अर्ज लिहायचे असत. नुकसानभरपाईचे, जमिनीच्या नोंदीचे, पोराच्या फीमाफीचे. एकदा या दोघी समोरासमोर आल्या. काय झालं ते मला कुणी नीट सांगितलं नाही, पण त्यानंतर नानांनी वार लावून दिले. मंगळवारी एका बाजूच्यांनी यायचं, गुरुवारी दुसऱ्या. ओसरीच्या खांबाला पाटी टांगली नाही, कुणाला कारण सांगितलं नाही. प्रत्येकीला नुसता तिचा वार सांगितला. बाहेरून येणारे कार्यकर्ते त्या काळात हृदयपरिवर्तनावर फार बोलत. काहींचं झालंही असेल, त्यात मला चेष्टा करायची नाही. पण ज्या बाईचा नवरा गेला तिनं हृदय बदलावं अशी अपेक्षा करणारे नाना कोण, आणि आपण तरी कोण? नानांनी तिच्याकडून काही मागितलं नाही. तिला गुरुवार दिला.

बाकीच्या सेवेची यादी लांब आहे आणि ती मी भराभर उरकते, कारण त्या पिढीतल्या सगळ्याच प्राथमिक-माध्यमिक शिक्षकांनी ती कमी-जास्त केली आहे. १९७४-७५ मध्ये देवीच्या रोगाची शोधमोहीम. देवी आलेल्या बाळाचं चित्र असलेलं कार्ड वर्गात फिरवायचं आणि विचारायचं, असं कुणी तुमच्या गल्लीत आहे का? घरातली मोठी माणसं लपवत, पोरं बिनदिक्कत सांगत. खबर देणाऱ्याला बक्षीस होतं, ते शेवटी हजार रुपयांपर्यंत चढलं. नानांच्या वर्गातल्या पोरांनी बक्षिसाच्या आशेनं कांजिण्यांचे रुग्ण धरून आणले, तेवढंच. १९८१ ची जनगणना, त्यात २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी, म्हणजे जौरा स्टेशनच्या फलाटावर कंदील घेऊन झोपलेल्यांना उठवणं. निवडणुकीच्या ड्युट्या तर विचारूच नका.

१९७६ बद्दल मात्र थांबायला हवं. आणीबाणीचं दुसरं वर्ष. नसबंदीच्या 'केसेस' आणा, असं शिक्षकांना वरून आलं. आकडा ठरवून दिलेला. नाही आणल्या तर पगार अडणार, वेतनवाढ अडणार. शाळेत येणाऱ्या पोरांचे बाप मास्तर दिसला की शेतातून पळायला लागले. रजिस्टर घेऊन दारात गप्प उभं राहणाऱ्या माणसाची काय अवस्था झाली असेल ते समजून घ्या. ज्या दारांनी पंचवीस वर्षं विश्वास ठेवला होता, ती दारं बंद व्हायला लागली. नानांनी कुणालाच नेलं नाही. एका शनिवारी ते घरी आले ते जरा सावकाश चालत. जेवण झाल्यावर पिशवीतून एक सर्टिफिकेट काढून काकूपुढे ठेवलं आणि म्हणाले, "एक केस भरली." स्वतःचीच. वय पंचेचाळीस, मुलगा कॉलेजात, मुलगी अकरावीत. त्या वयात त्या ऑपरेशनची गरज ना देशाला होती ना घराला. वेतनवाढ अडली ती अडलीच, कारण आकडा एकाचा नव्हता.

काकू त्यांच्याशी पुढचे कित्येक शनिवार बोलली नाही. लोक ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात, मीही सांगितली आहे. पण काकूचं म्हणणं मी मोठी झाल्यावर ऐकलं. ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. गावच्या बायकांना दहा-दहा मिनिटं वाट बघून विचारायचे, 'बोलो'. मला कधी म्हणाले ते?"

यावर मला आजही उत्तर नाही. नानांचं घर काकूनं चालवलं. मुलांच्या शाळा, सासूचं आजारपण, वाड्याच्या वाटणीचा दावा, पावसाळ्यात गळणारं दगडी फरश्यांचं छत. पगाराची निम्मी रक्कम जौऱ्यात खर्च व्हायची, कुणाची फी, कुणाचं बसचं भाडं, कुणाचं औषध. काकू दुपारी शिवणाचं मशीन चालवायची. महाराज बाडा चौकातल्या दुकानदारांचे परकर आणि उशांचे अभ्रे शिवायची, आणि हे नानांना बरेच दिवस माहीतही नव्हतं. समाजसेवकाला समाज दिसतो, मशीनचा आवाज ऐकू येत नाही. लष्करमध्ये अशी मशिनं खूप घरांत होती.

नानांना एकाच गोष्टीचा मनापासून ध्यास होता. अंगठा सुटावा. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पण नानांची रात्रशाळा त्याच्या आधीपासून होती; सरकारी योजनेमुळे तिला फक्त कंदिलाचं तेल मिळालं. दिवसभर अंगठे घेणारा माणूस रात्री अंगठे सोडवायला बसायचा. अंगठा घेण्यातही त्यांची पद्धत होती. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. आधी साबणानं हात धुवायचे, कोमट पाणी असेल तर उत्तम, फडक्यानं कोरडे करायचे, मग शाईच्या पॅडवर हलकेच टेकवून कागदावर डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवायचा. दाबायचा नाही. चारा कापून, शेण थापून, दोर ओढून बायकांच्या अंगठ्यांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असत आणि कागदावर नुसता निळा डाग उमटे. असा कागद कचेरीतून परत यायचा. मग नाना दुसरा लिहायचे. रात्रशाळेत येणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतःचं नाव लिहायला शिकले की येणं बंद करत. सरकारी माणसाला त्याचं वाईट वाटायचं. नानांना नाही वाटायचं. त्यांचं म्हणणं, सावकाराच्या कागदावर सही करताना माणूस निदान कागद हातात तरी घेतो. अंगठा घेताना कागद दुसऱ्याच्या हातात असतो.

रिटायर होऊन नाना कायमचे लष्करमध्ये आले तेव्हा काकूला वाटलं, आता तरी. झालं उलटंच. जौऱ्यात जी ओसरी होती ती आता आमच्या बैठकीत आली. एक लांब बाक, एक टेबल, शाईचं पॅड, डिंकाची बाटली. सकाळी आठपासून माणसं. विधवा पेन्शन, रेशन कार्ड, जातीचा दाखला, नावातली चूक सुधारणं. गाडीनं जौरा-कैलारसहूनही येत. ग्वाल्हेरच्या मोठ्या दवाखान्यात आलेले तर हमखास. काकू आत चहा करायची आणि प्रत्येक कपाला एक वाक्य म्हणायची, "हे घर आहे की कचेरी?" नाना म्हणायचे, "साखर कमी टाक म्हणजे माणसं कमी येतील."

नोव्हेंबर हा त्यांचा हंगाम. पेन्शनरांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ नंतर तो अंगठ्याच्या मशीनवर द्यायची सोय आली. सोय म्हणजे तरुणांची. सत्तरी-ऐंशीच्या माणसाच्या बोटाच्या रेषा मशीनला दिसत नाहीत. म्हातारे तासन् तास रांगेत उभे राहून परत फिरत, समोर जिवंत उभं असून जिवंत असल्याचं सिद्ध होत नसे. नानांनी तिथे जौऱ्याची विद्या काढली. बँकेत थर्मासमध्ये कोमट पाणी आणि पंचा घेऊन जात. हात धुवायला लावायचे, पुसायचे, बोट चोळायचे, मग मशीनवर ठेवायचं, दाबायचं नाही. बऱ्याच जणांचं काम होऊन जायचं. काउंटरवरची तरुण मुलगी आधी वैतागायची, नंतर स्वतःच म्हणू लागली, "अंकलजी, वो थर्मस वाले दादाजी आए क्या?"

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि छोटी गाडी थांबली, ती परत धावली नाही. त्या मार्गावर ब्रॉडगेज टाकायचं आधीच ठरलं होतं. नाना त्यावर काही बोलले नाहीत, फक्त पेपरमधल्या बातमीवर तारीख घालून ती ट्रंकेत ठेवली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुब्बाराव गेले, जौऱ्याच्या आश्रमातच त्यांचे अंत्यसंस्कार झाले. नानांना जायचं होतं. डॉक्टर नको म्हणाले, मुलगा नको म्हणाला, आणि पहिल्यांदाच काकू म्हणाली, "जाऊ दे त्यांना." तरी नाही जमलं, तोवर पाय उरले नव्हते. त्याच थंडीत नाना गेले.

आणि मग खरी गंमत झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हजारो लोकांचे पेन्शनचे कागद ज्यांनी बिनचूक भरले त्यांचे स्वतःचे कागद अपुरे निघाले. सर्व्हिस बुकात काकूचं लग्नानंतर बदललेलं नाव, आधार कार्डावर माहेरचं. जन्मतारखेचा रकाना कोरा. जोडीचा फोटो, जो काढून ठेवा म्हणून नाना प्रत्येकाच्या मागे लागत, तो त्यांनी कधी काढलाच नव्हता. फॅमिली पेन्शन अडली. मी आणि काकू एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, तिथून परत पहिल्यात. कुणी म्हणे शपथपत्र आणा, कुणी म्हणे शपथपत्र चालणार नाही. एका टेबलावरचा साहेब नानांचा विद्यार्थी निघाला. त्यानं फार आदरानं नानांच्या आठवणी सांगितल्या आणि कागद परत केला. काकू पंच्याऐंशीच्या पुढे. व्हीलचेअरमध्ये बसून ती प्रत्येक काउंटरवर एकच वाक्य म्हणायची, मराठीतच, समोरच्याला कळो न कळो: "जगाचे अर्ज भरले, घरचाच राहिला."

मी नानांच्या बाजूनं काही बोलायला गेले की ती मला थांबवायची. एकदा कचेरीच्या पायऱ्यांवर म्हणाली, "ते मोठे होते, मी कुठे नाही म्हणते? पण मोठ्या माणसानं एक अर्ज कमी लिहून माझा लिहिला असता तर लहान झाले नसते." ते छापून आलेले लेख लिहिणाऱ्यांना त्या पायऱ्यांवर आणून बसवावंसं मला वाटलं होतं.

वर्षाच्या वर गेलं. मग एक दिवस पैसे जमा झाले, थकबाकीसकट. काकूनं पासबुकात नोंद करून आणायला लावली, आकडा स्वतः वाचला, आणि दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याला बोलावलं. बैठकीतला बाक भंगारवाल्याला दिला. टेबल माझ्या मुलाला दिलं. खिडकीला मोठा कूलर बसवून घेतला आणि खिडकीखाली स्वतःचा दिवाण टाकला. आयुष्यात पहिल्यांदा घराची पुढची खोली तिला मिळाली. शेजारपाजारच्यांना ते जरा लागलं. निदान नानांचा फोटो लावून एखादा कोपरा तरी ठेवायचा, म्हणाले. फोटो आहे, पण आतल्या खोलीत, देवाजवळ.

माणसं अजून येतात. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे बसले होते तेव्हा कैलारसकडचा एक म्हातारा दारात आला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नाना गेल्याचं कळल्यावर तो जरा वेळ डोक्याचा साफा हातात घेऊन उभा राहिला. काकूनं त्याला पाणी दिलं. मग दिवाणावरूनच म्हणाली, "भैया, चौराहे पर एमपी ऑनलाइन की दुकान है, वहाँ जाओ. पैसे लेगा, रसीद माँग लेना. और नाम आधार में जैसा है वैसा ही लिखवाना, एक मात्रा इधर-उधर नहीं."

तो मान डोलावून वळला. मी त्याला चौकापर्यंत सोडून यायला उठले, तशी काकू म्हणाली, "जातेस तर जा, पण दार लावून जा. कूलरची हवा निघून जाते."